शंभर कोस, शंभर वर्षं आणि एक परवा

रोमचं साम्राज्य पाच कारणांनी पडलं. सहावं कारण असूच शकत नव्हतं, कारण प्रश्न पाच गुणांना यायचा. नाशकातल्या एका माध्यमिक शाळेत मी आयुष्यभर इतिहास शिकवला तो या पद्धतीनं. निवृत्त झाले तेव्हा एवढंच समाधान होतं की आता रोम पडो की उभं राहो, मला कुणी विचारायला येणार नाही. यंदा थंडीत हैद्राबादला गेले तीही आत्तेभावाकडे आठवडाभर राहावं, बगारा बैंगन खावं आणि चारमिनारला बांगड्या घ्याव्यात, एवढाच बेत ठेवून. पण इतिहास हा चिकट विषय आहे. एकदा अंगाला लागला की धुऊनही जात नाही.

कुकटपल्ली

माझी आत्या उदगीरला दिलेली, म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या मुलखात. दत्ताभाऊ तिचा मुलगा. त्यांनी हैद्राबादेत वीज खात्यात नोकरी केली, मलकपेठेत भाड्याच्या घरात संसार केला आणि आता मुलाच्या फ्लॅटवर कुकटपल्लीला असतात, अकराव्या मजल्यावर. मुलगा कामानिमित्त सदा बाहेरगावी. घरात दत्ताभाऊ, सुमनवहिनी आणि सून स्नेहल. स्नेहल पुण्याची, कंप्युटरच्या कंपनीत. तिनं साडेसात म्हटलं की साडेसात. सासूसासऱ्यांनी साडेसात म्हटलं की जेवणं होतात नऊला.

दारात चपला काढल्या. दत्ताभाऊ प्रवास कसा झाला म्हणून विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "नलू, अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय कुणी जाळलं?"

"बसू तर द्या त्यांना," वहिनी आतून म्हणाल्या.

मी बसले, पाणी प्याले आणि हे अभ्यासक्रमात नव्हतं म्हणून सांगितलं. दत्ताभाऊंचा चेहरा उतरला. "रोमनांनी जाळलं म्हणतात, ख्रिश्चनांनी जाळलं म्हणतात, अरबांनी जाळलं म्हणतात," ते म्हणाले. "ज्याला जो आवडत नाही त्याचं नाव तो घेतो. मला विचारशील तर कुणीच जाळलं नाही. देखभाल बंद पडली. मी वीज खात्यात होतो, मला ठाऊक आहे. देखभाल नसली की पुढचं सगळं आपोआप होतं."

एवढं बोलून ते समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबले. तिथून काही उलट उत्तर येईना, तसे उठून आत गेले.

जेवायला ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि वरण होतं. आमच्याकडे वरणात गुळाचा खडा पडतो; वहिनींच्या वरणात चिंच, आणि तीही सढळ हातानं. पहिल्या घासाला माझे डोळे मिटले. तिसऱ्या घासाला मी आणखी वाढून घेतलं. त्यांच्या मराठीचंही तसंच आहे, आधी आंबट लागते आणि मग आवडते.

भांडी आवरताना वहिनींनी खरी गोष्ट सांगितली. "यांचे एक दोस्त आहेत, हबीबभाई. ऑफिसात एका टेबलावर बसायचे दोघं. रिटायर झाले तरी दर रविवारी कोठीला, इराण्याच्या हॉटेलात भेटायचे, चहा प्यायचे अन् हेच असलं बोलत बसायचे, रोम म्हणू नका, मिसरचे पिरॅमिड म्हणू नका. परवा दोघांचं भांडण झालं. आता हबीबभाई कायमचे जायलेत लेकीकडं, कॅनडाला. मलकपेठचं घर विकलं. अन् हे फोन करेनात. गेले की संपलं बघा, वन्सं. या वयात कोण परत येतंय?"

परवाचं भांडण म्हणजे अजून तापलेलं असणार, असा मी हिशेब केला. शाळेत मुलं भांडली की मी एक दिवस मध्ये जाऊ द्यायची. कढत भांड्याला हात लावू नये. दोन दिवसांनी बघू म्हटलं आणि झोपले.

गोवळकोंडा

किल्ला बघायला दत्ताभाऊच घेऊन गेले. या वयात चढतील का अशी मला शंका होती. ते चढले, माझ्याच चपलेचा तळ निम्म्या वाटेवर सुटला. दरवाज्याच्या घुमटाखाली वाटाडे टाळ्या वाजवून दाखवतात आणि ती टाळी म्हणे अगदी वरच्या टोकाला ऐकू जाते. आमच्या टाळीला वरून कुणी उत्तर दिलं नाही, पण खालच्या शाळेच्या सहलीनं इतक्या टाळ्या वाजवल्या की वर शत्रू आला असेल तर तो परत गेला असता.

मोगलांनी या किल्ल्याला महिनोन्‌महिने वेढा घातला आणि शेवटी कुणीतरी आतून दरवाजा उघडला, असं वाटाड्यानं सांगितलं. मला हसू आलं. आपल्याकडेही किल्ला जिंकला तर पराक्रमानं आणि गमावला तर फितुरीनं. फितुरी झाली नसती तर किल्ला टिकला असता का, की धान्यच संपलं असतं, हा प्रश्न वर्गात कुणी विचारला तर मी त्याला खाली बसवायची. आता निवृत्त असल्यामुळे दत्ताभाऊंना तो मीच विचारला.

"यावर मी कधी विचार केला नाही," ते म्हणाले.

"हैद्राबादेत जन्म काढला, आणि गोवळकोंड्यावर विचार नाही केला?"

"शंभर कोसांच्या आत पडतो ना."

मी एका पायरीवर बसून चपलेला दोरी बांधत होते. तेव्हा त्यांनी तो नियम सांगितला. त्यांचा आणि हबीबभाईंचा पहिल्या दिवसापासूनचा करार होता: वाद घालायचा तो शंभर कोसांपलीकडच्या आणि शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर. त्याअलीकडचं सगळं कच्चं. कच्च्याला तोंड लावायचं नाही. पिरॅमिड गुलामांनी बांधले की मजुरांनी, हे पिकलेलं. त्यावर दोघांचं एकमत होतं की मजुरांनी. सरकारी नोकर असल्यामुळे दोघं मजुरांच्या बाजूचे. त्यांना जादा कामाचे पैसे मिळाले का, यावर मात्र एक अख्खा उन्हाळा गेला. पहिल्या महायुद्धाचा दोष कुणाचा, हा सवाल कितीतरी वर्षं कच्चा म्हणून बाजूला होता. तो पिकला त्या रविवारी दोघांनी पावाचा, तुपातला डबल का मीठा मागवला आणि संध्याकाळपर्यंत जर्मनीला सोडलं नाही.

नियम मला आवडला. इतिहासाची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी तो पाळला असता तर माझी नोकरी पुष्कळ सुखाची झाली असती.

"परवा मंदारला घेऊन आलो होतो इथं," दत्ताभाऊ वर बघत म्हणाले. "तो बुरूज बघून भ्यायला. कडेवरून उतरेना."

मंदार म्हणजे त्यांचा मुलगा, स्नेहलचा नवरा. त्याच्या दाढीत पांढरे केस आहेत.

माझे हात दोरीवरच थांबले. "दत्ताभाऊ, परवा म्हणजे?"

"परवा म्हणजे परवा. मागं."

हैद्राबादेत उर्दू बोलणारे परसों म्हणतात, त्यात कालच्या आदला दिवस येतो आणि लग्नाचं वर्षही येतं. जे होऊन गेलं ते सगळं परसों. त्यांच्या शेजारी राहून आमच्या माणसांचा परवाही तसाच सैल झाला आहे. बदल्यात त्यांनी आपला 'नको' घेतला, आपलं 'हळू' घेतलं आणि शब्दाच्या शेपटीला लावायचा 'च' घेतला. व्यवहार चोख झाला म्हणायचा.

"आणि तुमचं नि हबीबभाईंचं भांडण परवा झालं, ते?"

"ते परवाच की," ते म्हणाले. मग म्हणाले, "स्नेहलनं ही गाडी घ्यायच्या आधी."

घरी येऊन स्नेहलला विचारलं. गाडीला दोन वर्षं होऊन गेली होती. मी ज्या भांड्याला हात लावायला भीत होते ते केव्हाच थंड होऊन बुरसलं होतं, आणि त्या दोघांना वाटत होतं ते अजून चुलीवरच आहे.

कोठी

रविवारी दत्ताभाऊ मला मेट्रोनं कोठीला घेऊन गेले, जुनी पुस्तकं बघायला. फुटपाथवर परीक्षांच्या गाइडांचे ढीग, त्याखाली वैद्यकीचे ठोकळे आणि सगळ्यात खाली, ज्याला हवं त्यानं वाकावं अशा जागी, इतिहास. वाकणं मला जमेना. मग ते नेहमीच्या इराणी हॉटेलात शिरले आणि दाराकडे तोंड करून बसले. न विचारता दोन पौना आले. पौना म्हणजे दूध जास्त घातलेला चहा. आमच्याकडच्या बासुंदीत थोडी चहाची पूड टाकली तर साधारण तसं लागेल. मी बिस्कीट बुडवलं ते निम्मं आत राहिलं. दत्ताभाऊंचं लक्ष दाराकडे होतं.

"दर रविवारी येता?"

"येतो."

"आणि हबीबभाई?"

"कधी कधी बाहेरून बघून जात असेल. मी दिसलो की जात असेल."

मग त्यांनी सांगितलं, दाराकडे बघतच. कुकटपल्लीत मराठी मंडळींचं एक मंडळ आहे, बहुतेक पुण्यामुंबईची तरुण कुटुंबं. सतरा सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं, मुक्तिदिन म्हणून. आपल्याकडेही एखादं भाषण व्हावं असं मंडळाला वाटलं आणि जुन्या संस्थानातला माणूस म्हणून दत्ताभाऊंना बोलावलं. ते बोलले. रझाकारांनी उदगीरकडचं घर जाळलं, आत्या तान्ह्या दत्ताभाऊंना पदराखाली घेऊन सोलापूरच्या हद्दीत चालत गेली, मग फौज आली, संस्थान भारतात आलं, आपण मुक्त झालो, असं सगळं. त्यांची आई त्यांना जसं सांगायची तसंच सांगितलं. बायका रडल्या. स्नेहलनं ते मोबाइलवर घेतलं आणि सगळ्यांना पाठवलं. सगळ्यांमध्ये हबीबभाईही होते.

"पुढच्या रविवारी आला. बसला. चहा आला. म्हणाला, दत्तू, मुक्ती किससे?"

"मग?"

"मी म्हणालो, कच्चा सवाल है. नियम आहे ना आपला." दत्ताभाऊंनी कप बशीत ठेवला. "तर म्हणाला, कच्चा है तो माइक पे कैसा खाए? अन् उठून गेला. चहा तसाच."

सन अठ्ठेचाळीस पिकायला अजून वीसेक वर्षं आहेत. तोवर दोघं गळून पडलेले असतील, हे दोघांनाही कळत होतं.

नाशिक इंग्रजांच्या मुलखात होतं, त्यामुळे आमच्या वर्गात हा प्रसंग दोन ओळींत आटपायचा आणि मी तो आटपला. हैद्राबादेत मात्र त्याच दिवसाला कुणी मुक्ती म्हणतं, कुणी विलीनीकरण म्हणतं, आणि जुनी माणसं, दोन्हीकडची, नुसतं 'पोलीस ॲक्शन' म्हणतात आणि गप्प होतात. ज्याच्या घरात त्या दिवसांत जे झालं तेच त्या दिवसाचं नाव. रोमचं बरं आहे. ते पडताना ज्यांची घरं जळली त्यांचे पणतूही आता बोलायला उरले नाहीत, म्हणून पाच कारणं लिहिता येतात.

"मी जाऊन येते त्यांच्याकडे," मी म्हणाले.

दत्ताभाऊ नाही म्हणाले नाहीत. "त्याच मेट्रोनं पुढं जा," म्हणाले. "मलकपेठला उतर. मी इथंच बसतो."

मलकपेठ

हबीबभाईंचं घर सापडायला त्रास झाला नाही. दारापर्यंत खोकी आली होती. उंच, वाकलेले, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. दत्तूची बहीण म्हटल्यावर त्यांनी एकुलती एक खुर्ची पुसून दिली आणि स्वतः खोक्यावर बसले. "कप सारे पॅक हो गए, बहन," म्हणाले आणि थर्मासच्या झाकणात चहा दिला. तो गार होता. मी प्याले.

मी मूळ विषय काढायच्या आतच त्यांनी विचारलं, "आप तो तारीख पढाते थे ना? रोम कैकू गिरा?"

तारीख म्हणजे उर्दूत इतिहास. मी पाच कारणं सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली.

"गिरा नहीं," ते म्हणाले. "हल्लू हल्लू बैठ गया. गिरता तो आवाज आती. दत्तू बोलता, गिरा. हमारा पैला सवाल वहीच था. अभी तक चलरा था."

पहिला सवाल रोमच का, असं मी विचारलं. ते खोक्यावरची सुतळी बोटाला गुंडाळत राहिले. मग सांगितलं. नोकरीचा पहिला आठवडा होता. दुपारी डबे उघडले. हबीबभाईंनी सहज विचारलं, तुम कहाँ के? दत्ताभाऊ म्हणाले, उदगीर. हबीबभाई म्हणाले, हम भी उधर केच. मामूंचं उदगीरच्या अंगाला एका खेड्यात कापडाचं दुकान होतं. पोलीस ॲक्शन झाली, मागोमाग त्या भागात मुसलमानांची घरं-दुकानं लुटली गेली, त्यानंतर मामू आले नाहीत. त्यांचं काय झालं ते सांगायलाही कुणी आलं नाही. अम्मी मरेपर्यंत दाराची कडी आतून लावू देत नव्हती.

"ये सब मैं दत्तू को बोला नहीं. वो भी उसका घर कैसा जला, बोला नहीं. पर दोनों समझ गए. दोनों का निवाला हात में. तो मैं बोला, चलो मियाँ, रोम की बात करते. सौ कोस, सौ बरस." ते जरा हसले. "उस नियम पे पचास साल अच्छे गए, बहन. झूट नहीं बोलूंगा. बहोत अच्छे गए."

"मग आता?"

"उनों माइक पे आधा बोले. आधा मेरे पास था. मेरेकू पूछते तो देता था."

 तुम्ही या ना रविवारी, एवढंच मी म्हणाले. ते उठले, मला दारापर्यंत सोडलं. "नक्को. वक्त नहीं. परसों जारूं मैं."

इथं माझी चूक झाली, आणि ती शहाणपणातून झाली. नुकतीच शिकलेली विद्या अंगात होती. परसों म्हणजे कधीतरी, हे मी गोवळकोंड्याच्या पायरीवर बसून शिकले होते. त्यात घरात अजून निम्मी पुस्तकं फडताळातच होती. असा माणूस महिनाभर तरी हलत नाही, असं मी ठरवलं.

कोठीला परतले तर दत्ताभाऊ तिथंच होते, पुढ्यात तिसरा चहा. मी सगळं सांगितलं. मामूंचं सांगताना त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "कधी जायलाय?" त्यांनी विचारलं.

"परसों म्हणाले. तुमचा परसों."

"मग आहे वेळ," ते म्हणाले. दोघांनाही बरं वाटलं.

चारमिनार, आणि मग शमशाबाद

दुसरा दिवस आम्ही आनंदानं वाया घालवला. चारमिनारला मी लाखेच्या बांगड्या घेतल्या, एक जोड घासाघीस करताना हातातच फुटला आणि दुकानदारानं तो माझ्याच नशिबाला लावला. दत्ताभाऊंनी केस कापून घेतले. काय बोलायचं ते ठरवत होते. जेवताना मध्येच ओठ हलायचे. येत्या रविवारी हबीबला कोठीला बोलावतो, म्हणाले.

त्यापुढच्या सकाळी स्नेहल पेसरट्टू घालत होती. हे हिरव्या मुगाचं धिरडंच, पण आत उपमा भरतात. धिरड्यात उपमा भरण्याची कल्पना नाशकात कुणाला सुचली नसती. मी गंमत म्हणून तिला परवाची सगळी हकिकत सांगितली आणि हबीबभाईही परसों जाणार म्हणतात, असं म्हणून हसले.

स्नेहलचा हात थांबला. "तुम्हाला कधी म्हणाले?"

"रविवारी."

"नलूआत्या, मागचा परवा यांचा कसाही ताणतो. पुढचा नाही ताणत. पुढचा परवा म्हणजे परवा. त्याला तिकीट असतं." तिनं गॅस बंद केला. "म्हणजे आज."

वहिनींनी फोन लावला. तो मलकपेठच्या शेजारणीनं उचलला. हबीबभाई त्यांचा इथला फोन तिच्याकडे ठेवून गेले होते. निकल गए, ती म्हणाली, एअरपोर्ट को, अभीच.

दत्ताभाऊ घरातल्याच सदऱ्यावर खाली उतरले. स्नेहलनं गाडी काढली, मी मागे. शहराभोवतीचा मोठा रस्ता रुंद आणि मोकळा आहे, दोन्हीकडे खडक एकावर एक ठेवल्यासारखे उभे असतात. ते खडक मी बघायला आले होते; त्या दिवशी एकही धड दिसला नाही. दत्ताभाऊ पुढे बसून सदऱ्याची बटणं लावत होते. मी मनाशी बोलत होते, आणि ते काही शिक्षिकेला शोभण्यासारखं नव्हतं. दोन म्हाताऱ्यांनी दोन वर्षं घालवली होती, ती त्यांची. मधला एक दिवस मी घालवला होता.

शमशाबादच्या विमानतळाच्या दाराशी गर्दी होती. ज्याच्याकडे तिकीट नाही त्याला आत सोडत नाहीत, त्यामुळे सगळे निरोप त्या दारातच उरकावे लागतात. हबीबभाई चाकांच्या खुर्चीत होते. कॅनडाच्या थंडीची लोकरी टोपी त्यांनी हैद्राबादेतच चढवली होती. न्यायला आलेली मुलगी मागे उभी होती. तिनं दत्ताभाऊंना ओळखलं, "चाचा" म्हणाली आणि खुर्ची बाजूला घेतली.

दत्ताभाऊ समोर जाऊन उभे राहिले. धाप लागली होती. ठरवलेलं सगळं विसरलेत, हे मला पाठमोऱ्या माणसाकडे बघूनही कळलं.

"दत्तू," हबीबभाई म्हणाले, "वो अलेक्झांड्रिया का कुतुबखाना कौन जलाया, तय हुआ क्या?"

"नहीं हुआ. अकेला मैं कैसा तय करूं?"

"देखभालइच बोलते बैठे होंगे."

"हौ."

मुलीनं घड्याळ पाहिलं. मग पुन्हा पाहिलं नाही.

"तुम पूछे थे, किससे," दत्ताभाऊ म्हणाले. "जिनों हमारा घर जलाए, उनसे. तुम उनमें नहीं थे. कभीच नहीं थे."

"मेरे मामू? मामू थे क्या उनमें?"

 पाठीमागून कुणाची तरी सामानाची गाडी आली, दत्ताभाऊ सरले नाहीत.

"नहीं थे. उनका भी बोलना था मेरेकू. उसी माइक पे." ते खाली वाकले, गुडघ्यावर हात ठेवून, म्हणजे तोंड हबीबभाईंच्या तोंडासमोर आलं. "क्या नाम था मामू का?"

इतक्या वर्षांत हे कधी विचारलंच नव्हतं.

"गफूर."

"गफूर मामू," दत्ताभाऊ म्हणाले.

हबीबभाईंनी त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.  मी तटस्थपणे पाहत होते असं लिहिलं तर ते खोटं होईल. स्नेहल तर सरळ रडत होती.

"ये परसोंइच बोल देते ना, दत्तू," हबीबभाई म्हणाले.

मग मुलीनं खुर्ची वळवली. दारात त्यांनी तिकीट दाखवलं, टोपी काढून चेहरा दाखवला आणि आत गेले. दत्ताभाऊ काचेतून दिसेल तितकं बघत राहिले आणि मग म्हणाले की भूक लागली आहे.

नाशिक

परत आल्यावर शेजारणींना बांगड्या दाखवल्या, वरणात चिंच घालून पाहिली, घरात कुणाला आवडली नाही. लोक हैद्राबाद कसं आहे विचारतात तेव्हा मी किल्ला सांगते, पौना सांगते, पेसरट्टू सांगते. तिथं जाणाऱ्यांना एवढीच सूचना: परवा हा शब्द आला की तो मागचा आहे की पुढचा ते आधी विचारून घ्या.

गेल्या आठवड्यात दत्ताभाऊंना फोन केला. यंदा पुन्हा सप्टेंबरला बोलावं म्हणून मंडळाचा निरोप आला होता. येतो म्हणाले, पण या वेळी आईबरोबर गफूर मामूंचंही सांगीन, अशी अट घातली. मंडळ म्हणालं, कळवतो. अजून कळवलेलं नाही.

"नाही बोलावलं तर?"

"तर कोठीला सांगीन. ऐकायला कुणीतरी असतंच की तिथं." मग म्हणाले, "परवा हबीबचा फोन आला होता."

मी सावध झाले. "परवा म्हणजे नक्की कधी?"

"परवा म्हणजे परवा, नलू. मंगळवारी. दर मंगळवारी करतो तो."

"बरं. आणि रोम?"

"रोम?" दत्ताभाऊ म्हणाले. "पडायलंय की अजून."